पोरं पाण्यात उतरणारच, त्यांना पोहणं शिकवा



मे महिन्यात दर्यापूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या खोलीत दुपारी बसवत नाही. अशा वेळी पाणी दिसले की पोरं उतरणारच. वाळवंटातल्या गरम शहरांत लोक पोहण्याच्या तलावावर गर्दी करतात, तिथे पाण्यावर नजर ठेवणारा माणूस असतो. अमरावतीतही हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहे. पण वस्तीतल्या पोराला रोज तिथे जाणे परवडत नाही. त्याच्या वाट्याला विहीर, कालवा, नाहीतर शेततळे येते.

आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. जमिनीतले पाणी खारे, म्हणून पावसाचे पाणी साठवायला ठिकठिकाणी शेततळी झाली. त्यांना उतार असतो, आत प्लास्टिक अंथरलेले असते आणि त्यावर शेवाळ धरते. उतरलेला पोरगा वर चढू लागला की पाय घसरतो. पोहता येणाराही त्यात थकतो.

पोहणे आपल्याकडे कमी का? विचार करा. ज्या विहिरीवर चढायचीच बंदी, तिथे पोहायला कोण शिकवणार? पाणी पिण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडले. अमेरिकेतही काळ्या लोकांना सार्वजनिक तलावांतून वर्षानुवर्षे बाहेर ठेवले गेले. तिथे आजही गोऱ्या मुलांपेक्षा काळी मुले जास्त बुडतात. बंदी उठली तरी न शिकलेले कौशल्य पुढच्या पिढीला मिळत नाही. ते ठरवून शिकवावे लागते.

आधी काय करावे

१. पोहणारा मोठा माणूस सोबत असल्याशिवाय मुलांना पाण्यावर पाठवू नका. मुलींनाही शिकवा.
२. शिकताना पाठीला रिकामा, झाकण घट्ट असलेला डबा आणि दोर बांधा. दोराचे टोक काठावरच्या माणसाच्या हातात असावे.
३. शेततळ्याला कुंपण आणि काठावर बांधलेला, पाण्यापर्यंत सोडलेला गाठींचा दोर असावा. शेतमालकाला हे सांगा, ग्रामसभेत मांडा.
४. दारू पिऊन कोणीही पाण्यात उतरू नये.

कोणी बुडत असेल तर

पोहता येत नसेल तर उडी मारू नका, एकाच्या जागी दोन जीव जातात. दोर, लुगडे, बांबू किंवा रिकामी कॅन फेका आणि ओरडून माणसे बोलवा.

बाहेर काढल्यावर उलटे धरून फिरवू नका, पोट दाबू नका. वॉर्डात असताना मी असे आणलेले लेकरू पाहिले आहे. पाणी काढण्याच्या नादात घरच्यांची मोलाची मिनिटे गेली होती. श्वास चालू नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने ५ श्वास द्यावेत. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबा, मग २ श्वास. मिनिटाला १०० ते १२० दाब पडतील असा वेग ठेवा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, त्रास नंतरही वाढू शकतो.

या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. उशीवर हा दाब देऊन सराव करा, महिला मंडळाने पुढे व्हावे. पोहता येणारे कोण, याची यादी तिथेच करा.

नमो बुद्धाय! जयभीम!