उघड्यावरची मोका

इटलीच्या पिएमोंते प्रांतात, ओर्ता सरोवराच्या उत्तर टोकाशी वसलेल्या ओमेन्या गावाच्या क्रुझिनाल्लो भागात, अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली जे कॉफी करण्याचे ॲल्युमिनियमचे अष्टकोनी मोकापात्र प्रचारात आणले, ते चार भिंतींच्या आतल्या शांत आचेसाठी घडवलेले आहे. उघड्या माळावर ते नेणाऱ्याने प्रथम वाऱ्याचा बंदोबस्त करावा, आणि तो करताना जिवाला अपाय होणार नाही याची त्याहून अधिक खबरदारी घ्यावी, असे मी अनुभवाने सांगतो.

ओर्ता आणि माज्जोरे या दोन सरोवरांच्या मधल्या मोत्तारोने पर्वतावर, सुमारे १४९१ मीटर उंचीवर, आम्ही काही मंडळी कॉफीसाठी थांबलो होतो. वारा सुटला होता, ज्योत सारखी एका अंगाला झुकत होती, आणि म्हणून आमच्यापैकी एका गृहस्थांनी गॅसच्या डब्यावर बसवलेल्या त्या छोट्या स्टोव्हभोवती चारी बाजूंनी दगड रचले. ज्योत स्थिर झाली खरी. परंतु कोंडलेली उष्णता खाली उतरत होती, आणि मी डब्याला हात लावून पाहिला तो चटका बसला. तत्क्षणी दगड ढकलून चावी बंद केली. तापलेला डबा फुटला असता तर काय अनर्थ ओढवला असता, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. आडोसा करावा तो केवळ वाऱ्याच्या बाजूस, समोरची बाजू सताड मोकळी असावी, आणि डबा अधूनमधून हाताने चाचपावा. थंडी शून्य अंशाच्या आसपास गेली की निव्वळ ब्युटेनची वाफ होईनाशी होते, म्हणून तेथे प्रोपेनमिश्रित गॅस न्यावा.

एस्प्रेसोच्या यंत्रात नऊ बारच्या आसपास दाब असतो. मोकापात्रात कोंडलेली हवा व वाफ त्याच्या अल्पांशानेच पाणी कॉफीच्या पुडीतून वर रेटतात. म्हणूनच आच मंद आणि सर्व बाजूंनी सारखी हवी. ज्योत बुडाबाहेर पसरली तर मूठ वितळते, रबरी वायसर करपतो, आणि कॉफीला जळका कडवटपणा येतो. स्टोव्हच्या कड्या रुंद असल्यास वर पत्र्याची छिद्रयुक्त चकती ठेवावी, अन्यथा पात्र कलंडते. लाकडाचा विस्तव असेल तर जाळावर नव्हे, निखाऱ्यांच्या कडेला ठेवावे.

पाणी खालच्या भांड्याच्या सुरक्षा-झडपेखालीच राहील इतकेच भरावे, पूड मध्यम बारीक असावी आणि ती चेपू नये, कारण चेपलेल्या पुडीतून वाट न मिळालेली वाफ झडपेकडे धाव घेते. फार वेळ होऊनही कॉफी वर येत नसेल, किंवा सांध्यातून वाफ फुसफुसत असेल, तर आच विझवून पात्र पूर्ण निवेपर्यंत त्यास कदापि उघडू नये. या बाबतीत घाई करणाऱ्यास क्षमा नाही.

पहिली धार गडद येते, पुढे ती फिकट होऊन खळखळ सुरू होते; तेथेच पात्र उतरवावे, आणि वरच्या भांड्यातली कॉफी चमच्याने एकवार ढवळून मगच पेल्यांत वाटावी, नाहीतर पहिल्याच्या वाट्याला दाट आणि शेवटच्याच्या वाट्याला पाणचट येते. निघण्यापूर्वी सुटे भाग नुसत्या पाण्याने विसळून वाळू द्यावेत. ओलेच जोडून पिशवीत घातले तर ॲल्युमिनियमवर पांढुरके चट्टे धरतात.