वीस वर्षांची मोटारहोम आणि वाळवंटातला मुक्काम

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सला राहतो. त्याने नुकतीच वीस वर्षांपूर्वीची मोटारहोम विकत घेतली. फोर्डच्या ई-४५० चेसिसवर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा असलेली. डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. तो आणि सूनबाई आम्हाला पाच दिवस वाळवंटात मुक्कामाला नेणार म्हणतात, जिथे ना विजेची जोडणी, ना नळ. मुलाचं सगळं लक्ष सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्यांवर आहे. एवढ्या जुन्या गाडीला हे झेपतं का? पैसे आधी कशावर घालावेत? आणि आमच्या वयाच्या माणसांच्या आंघोळीचं, संडासचं काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : झेपतं. अशा गाडीचं इंजिन हा सहसा मोठ्या काळजीचा विषय नसतो. ई-४५० हे अमेरिकेत रुग्णवाहिका, मालवाहू गाड्या आणि छोट्या बसगाड्यांखाली सर्रास दिसणारं चेसिस आहे. त्याचे सुटे भाग मिळतात आणि हात लावणारा मेकॅनिकही मिळतो. शिवाय मोटारहोम वर्षातले बरेच महिने उभीच असते, त्यामुळे वयाच्या मानाने ती कमी धावलेली असते. तिचे रोग असतात ते या उभं राहण्याचे. रबर सुकतं, सांधे तडकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन जनरेटरचा कार्ब्युरेटर चोंदतो, उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून खर्चाचा क्रम मी असा लावेन : पहिलं छप्पर, मग टायर आणि गॅस, आणि वीज त्यानंतर. तुमच्या मुलाने क्रम उलटा धरलेला दिसतो, आणि बहुतेक जण तसाच धरतात, कारण सोलर पॅनेल डोळ्यांना दिसतं आणि छपरातली गळती दिसत नाही.

या गाड्यांच्या भिंती कशाच्या असतात ते आधी पाहा. लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मध्ये थर्मोकोल, दोन्ही बाजूंना पातळ प्लायवुड, त्यावर फायबरग्लासचा पत्रा, आणि बऱ्याच गाड्यांत हे सगळं एकमेकांना नुसतं चिकटवलेलं. छपरावर रबराचं आवरण. त्या छपराला हवा खेळण्याच्या खिडक्यांसाठी, एसीसाठी, अँटेनासाठी, टाक्यांच्या वायुवाहिन्यांसाठी जागोजागी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट भरलेलं असतं. वाळवंटातल्या उन्हाने ते सीलंट कडक होऊन चिरतं, आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती चीर रुंदावते. अ‍ॅरिझोना कोरडं आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जुलै ते सप्टेंबर तिथे गडगडाटी पाऊस कोसळतो आणि त्यालाही तिथले लोक मॉन्सूनच म्हणतात. पाणी आत शिरलं की ते खाली टपकत नाही. ते प्लायवुडमध्ये मुरतं, गोंद सोडवतं, आणि छतावर डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजून गेलेलं असतं.

मुलाला फोनवर सांगा : ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याची गादी उचलायची आणि अगदी पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने जोर देऊन दाबायचं. वाऱ्याचा आणि पावसाचा पहिला मारा तिथे बसतो, आणि समोरच्या छोट्या दिव्यांच्या स्क्रूंमधून पाणी तिथेच आत येतं. फळी टणक लागली तर उत्तम. अंगठा किंचित आत गेला, कुबट वास आला किंवा वरचा कागद सुरकुतलेला दिसला, तर तिथे उघडून बघितल्याशिवाय दुसऱ्या कशावरही एक डॉलर खर्च करू नये. मग संध्याकाळच्या तिरक्या उजेडात बाहेरून भिंतीच्या कडेला उभं राहून नजर टाकावी. फुगवटे दिसले तर आतले थर सुटलेले आहेत, आणि ती दुरुस्ती खर्चीक असते.

सांधे भरताना हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन वापरू नये. रबरी छपरावर ते नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काहीच धरत नाही. या छपरांसाठी आपोआप समतल पसरणारं खास सीलंट मिळतं. जुनं खरवडून, पुसून, मग ते ओतायचं. साताऱ्याच्या पश्चिमेला पावसाळ्याआधी कौलं चाळतात ना, तितक्याच नेमाने वर्षातून दोनदा शिडी लावून हे सांधे बघायला हवेत. आणि सोलर पॅनेलचे पाय याच छपरात स्क्रूने बसवतात. गळक्या छपरावर पॅनेल चढवलं की पुढे ते उतरवून सगळं पुन्हा करावं लागतं.

टायरबद्दल थोडक्यात, पण जीवावरची गोष्ट आहे. बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपुढे जी आकडेमाळ असते तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्म : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर ते बदललेले बरे. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरचा आकडा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाही, आणि नेमका तोच टायर सगळ्यात जुना निघतो. तो फुटला तर चाकावरची फरशी, पाण्याचे पाइप, वायरी सगळं फाडून टाकतो.

स्वयंपाकाची शेगडी, पाण्याचा गीझर, रात्रीचा हीटर आणि फ्रिज हे सगळं प्रोपेन गॅसवर चालतं. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसचा भोंगा फरशीजवळ बसवलेला असतो. त्या भोंग्याचं आयुष्य पाच ते सात वर्षांचं, आणि जुन्या गाडीत तो हमखास मेलेला असतो. तो आणि कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा, दोन्ही नवे घ्यावेत. गॅसचा रेग्युलेटर मूळचाच असेल तर तोही बदलावा आणि सगळ्या नळ्यांची गळती-चाचणी जाणकाराकडून करून घ्यावी. यात घासाघीस नको.

गॅसवर फ्रिज कसा चालतो, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ज्योतीची उष्णता अमोनियाच्या द्रावणाला उकळवते, अमोनिया वर चढतो, थंड होतो, आणि खाली उतरताना बाष्प होऊन आतली उष्णता शोषून घेतो. स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, १९२२ मध्ये ही युक्ती काढली. त्यात ना पंप, ना मोटर. द्रव फिरतो तो गुरुत्वाकर्षणाने. म्हणूनच गाडी तिरपी उभी करून असा फ्रिज तासन्‌तास चालवला तर त्याची नळी आतून कायमची चोंदते. मुक्कामावर पहिलं काम म्हणजे गाडी सपाट उभी करणं, ते यासाठी. हल्ली हे फ्रिज काढून बॅटरीवरचे बसवण्याची लाट आहे. ते थंडावा चांगला देतात, पण दिवसाला सहाएकशे वॅट-तास मागतात. तुमच्या मुलाचा गॅसचा फ्रिज ठणठणीत असेल तर तो काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वीज. पॅनेल किती घ्यावं, याआधी रोज लागतं किती ते मोजावं. जुने बल्ब प्रत्येकी अठरा-वीस वॅट खातात. त्यांच्या जागी दोन-तीन वॅटचे एलईडी लावणं हा सगळ्यात स्वस्त ‘सोलर’ आहे. मग डिसेंबरातल्या एका दिवसाचा हिशेब साधारण असा बसतो : दिवे आणि पंखा १५० वॅट-तास, पाण्याचा पंप ५०, फोन-लॅपटॉप २००, गॅसच्या फ्रिजचं नियंत्रण आणि भोंगे १५०, आणि हीटरचा पंखा ४५०. हा शेवटचा आकडा लोक विसरतात. हीटर गॅसचा असला तरी त्याची गरम हवा ढकलायला विजेचा पंखा लागतो, आणि थंडीच्या रात्री तोच बॅटरी रिकामी करतो. एकूण हजार.

१०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास मावतात आणि ते जवळजवळ सगळे वापरता येतात. शिसं-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे तिचे हाती येतात सहाशे. अशा दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या तर ऊन नसतानाही दोन दिवस निघतात. छपरावर ४०० वॅटचं पॅनेल सपाट पडलेलं असेल, तर डिसेंबरातल्या तिरक्या उन्हात त्याच्याकडून दिवसाला ९०० वॅट-तासांच्या आसपास धरावेत; जूनमध्ये याच्या दुपटीहून जास्त मिळतात. म्हणजे तुमच्या पाच दिवसांना एवढं पुरतं. एसीचं मात्र नाव काढू नये. तो १,४०० वॅट खातो, दोन्ही बॅटऱ्या दोन तासांच्या आत संपवतो. तो जनरेटरवर चालवावा, आणि डिसेंबरात त्याची गरजही नाही.

लिथियम बॅटरी जुन्या गाडीत नुसती जुनीच्या जागी ठेवून भागत नाही. ती इतक्या जोराने करंट ओढते की इंजिनचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंटवर बंधन घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. गाडीतला मूळ चार्जर शिसं-आम्लासाठी बनवलेला, तो लिथियमला पुरती भरत नाही. तोही बदलावा लागतो. बॅटरीजवळच योग्य फ्यूज आणि पुरेशी जाड केबल हवी, आणि आधीच्या मालकांनी जोडत नेलेल्या वायरी एकेक करून शोधायला हव्यात. आणखी एक : शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर तिचं कायमचं नुकसान होतं. फिनिक्सच्या सपाटीवर हा धोका थोडा, पण सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफला डिसेंबरातली रात्र शून्याखालीच जाते. तिकडे जायचं असेल तर बॅटऱ्या गाडीच्या आत, उबेत बसवाव्यात.

पाण्याच्या प्रश्नात तुम्ही दोघं मुलाच्या पुढे आहात. या गाड्यांची ताज्या पाण्याची टाकी साधारण चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. चौघं, पाच दिवस : माणशी दिवसाला साडेसात लिटर. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला हे दोन मिनिटांत संपतं. बादली-तांब्याने आंघोळ केलेल्या माणसाला पाच लिटर गरम पाणी पुरतं, आणि एक दिवसाआड केली तर भांड्यांनाही उरतं. प्यायचं पाणी वेगळ्या कॅनमधून न्यावं. जुनी टाकी वापरण्याआधी ब्लीचच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवावी आणि मग धुऊन काढावी.

संडास गाडीतच असतो आणि त्याची टाकी वेगळी. नुसती कागदाची सवय असणाऱ्यांपेक्षा आपण पाण्याने ती लवकर भरतो, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. हाताशी लहान पिचकारीची बाटली ठेवली की पाणी फार वाचतं. पण टाकीच्या तळाशी थोडं पाणी कायम हवं, नाहीतर मळ चिकटून बसतो. जुन्या गाडीत टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे बहुधा खोटं बोलतात, त्यामुळे दिवस मोजून अंदाज घ्यावा. तिच्या निचऱ्याच्या झडपेचं रबर बदलायला थोडकेच पैसे लागतात, ते आधीच करून टाकावं. टाकी रिकामी करायची ती फक्त ठरवून दिलेल्या निचरा-केंद्रावर.

मुक्कामाची जागा बहुधा ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या संघराज्य खात्याच्या जमिनीवर असेल. तिथे बऱ्याच भागांत फुकट राहता येतं, साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस एका ठिकाणी. मोबाइलला रेंज असेल अशीच जागा निवडायला सांगा, आणि सगळ्यात जवळचं रुग्णालय किती मैलांवर आहे ते लिहून घ्या. औषधांत इन्सुलिनसारखं काही असेल तर फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा. गाडी चालू असताना मागे बिछान्यावर आडवं होऊ नका. पट्टा असलेल्या खुर्चीतच बसा.

मुलाला आजच कळवा : तुम्ही विमानात बसायच्या आधी, नोव्हेंबरात, त्याने आणि सूनबाईंनी घराजवळच दोन रात्री या गाडीत काढाव्यात, विजेची तार न जोडता आणि नळ न लावता. जे बंद पडायचं ते तेव्हाच पडू द्या. दुकान आणि मेकॅनिक दोन्ही जवळ असतील.