दगडफुलावरची गुलाबी बुरशी : मर्चँडिओमायसिस



सहजीवन शिकवताना आपण सगळेच दगडफुलाचं उदाहरण देतो. मीही दिलं. घरच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल वर्गात नेलं आणि सांगितलं, बघा, यात बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात. शैवाल उन्हात अन्न तयार करतं, बुरशी घर देते. दोघांची मैत्री! तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग या घराला कीड लागत नाही का?" मी झटकन "नाही" म्हणून मोकळा झालो. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, उत्तर साफ चुकलं होतं.

दगडफूल म्हणजे शैवाक. हा एकच जीव नसून दोघांची जोडी आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांना ते पटलं नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की या जोडीच्या घरात तिसराही घुसतो. फक्त शैवाकांवरच जगणाऱ्या बुरशींच्या जवळपास दोन हजार जाती नोंदवल्या गेल्या आहेत.

त्यातली मुलांना सांगायला सोपी म्हणजे मर्चँडिओमायसिस ही प्रजाती. डिडेरिख आणि हॉक्सवर्थ यांनी १९९० मध्ये तिला हे नाव दिलं. यातली कोरॅलिनस ही जाती युरोप आणि उत्तर अमेरिकेत झाडांच्या सालींवरच्या व खडकांवरच्या शैवाकांवर आढळते. नाव पोवळ्यावरून, कारण तिचे दाणे तसेच गुलाबी! एकेक दाणा मिलिमीटरपेक्षाही लहान. दाणा म्हणजे बुरशीच्या धाग्यांची घट्ट गुंडाळी. तो सुटून पडला की त्यातून नवीन बुरशी वाढू शकते. ज्या शैवाकावर ती बसते तो पांढरट पडून मरू लागतो. बऱ्याच बुरशा एखाद्याच शैवाकाला चिकटून राहतात, ही मात्र अनेकांवर वाढते.

आता कोकणातल्या पालकांसाठी एक गंमत. पावसाळ्यात काजूच्या फांद्यांवर जो गुलाबी रोग पडतो, त्याची बुरशी याच गणातली, म्हणजे हिची लांबची नातेवाईक. तिचं भक्ष्य झाड, हिचं शैवाक.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझं उत्तर दुरुस्त केलं. मुलं हसली. मग भिंग घेऊन शाळेजवळच्या आंब्याच्या खोडाकडे गेलो. (शैवाक खरवडू देऊ नका, तो फार हळू वाढतो.) एकाने ओरडून सांगितलं, "सर, रोग सापडला!" त्या तपकिरी वाट्या होत्या. पण त्या शैवाकातल्या बुरशीच्याच असतात, तिचे बीजाणू तिथे तयार होतात. ही गल्लत मुलं हमखास करतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा. गुलाबी दाणे काही आम्हाला दिसले नाहीत. प्रश्न विचारणारी मुलगी मात्र शेवटपर्यंत भिंग सोडायला तयार नव्हती.