राखणीच्या कुत्र्याचे दात

चाकणच्या बाजारात बैल घेताना आपण प्रथम त्याचे दात पाहतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द घरातील पोरांनाही ठाऊक असतात. मात्र गोठ्याची राखण करणाऱ्या कुत्र्याचे तोंड सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या. तथापि मावळात शिवारफेरीला गेल्यावर पिकाइतकेच कुत्र्याविषयीही विचारले जाते, म्हणून हा लेख.

सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा या दलाचे जवान मदतीस धावले. ढिगाऱ्याखालील माणूस वासावरून शोधणारे श्वानही या दलात असतात. अशा श्वानाचे नाक जितके मोलाचे, तितकेच दात. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू साठला तर मधले पातळ हाड झिजून थेट नाकात भोक पडते. एकाच नाकपुडीतून स्राव व वारंवार शिंका ही त्याची खूण.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात आठवड्यातून एकदा ओठ उचलून पाहावे. दुधाचा सुळा न पडता शेजारी नवा सुळा आला, तर खालचा नवा सुळा आत वळून टाळूला टोचतो. शहरात तार बांधून दात सरळ करतात. आपल्याला दुधाचा सुळा पशुवैद्यकाकडून वेळीच काढून घेणे पुरते.

मोठ्या कुत्र्यात कीड क्वचित, हिरड्यांचा रोग फार. दातावरचा चिकट थर काही दिवसांतच कडक होतो व मग घासून निघत नाही. म्हणून बोटाला ओले फडके गुंडाळून दात रोज पुसावेत. आपली टूथपेस्ट वापरू नये. कुत्रा ती गिळतो, आणि काहींत झायलिटॉल असते, ते त्याला विषारी आहे. मिश्री तर मुळीच लावू नये. शिजवलेली हाडे, दगड व साखळी चावल्याने दात तुटतात. डोळ्याखाली गाठ आली की ती गांधीलमाशी चावल्याची समजून हळद लावतात. पुष्कळदा ती वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाची असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. हाडाचा तुकडा टाळूत आडवा अडकला की कुत्रा लाळ गाळतो, तोंड मिटत नाही, पंज्याने तोंड ओरबाडतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडाही असाच लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. बाहेरून फरक ओळखणे अवघड. अशा वेळी हाड काढण्यासाठी तोंडात हात घालू नये. कुत्र्याला दूर बांधता आले तर बांधावे, मुलांना जवळ जाऊ देऊ नये व पशुवैद्यकास बोलवावे. हात घातलाच असेल आणि खरचटले वा जखमेला लाळ लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुत्रा नंतर बरा दिसला तरी डॉक्टरांनी सांगितलेली लस टाळू नये. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यक सांगतील त्या तारखेस द्यावी. ती तारीख गाईच्या रेतनाच्या नोंदवहीतच लिहून ठेवावी.