आकाशांत न टिकलेलीं नांवें

"पाळकसाहेब, आम्हीं ‘मृग निघाला’ असें म्हणावें कीं नाहीं?" असा प्रश्न एका खेड्यांतील बांधवांनीं मला केला. नक्षत्रांच्या नांवांस देवादिकांच्या कथा चिकटल्या आहेत, म्हणून त्यांस संकोच वाटत होता.

हा संकोच जुनाच आहे. युरोपांतहि तारकापुंजांचीं नांवें बहुतेक ग्रीक पुराणांतून आलीं. दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें ४८ पुंजांची यादी केली, ती शेंकडों वर्षें चालली. जर्मनींतील आउग्सबुर्ग शहराचा वकील यूलियस शिलर यास हीं नांवें खपेनात. त्यानें १६२७ सालीं ख्रिस्ती आकाशाचे नकाशे प्रसिद्ध केले. मेषाच्या जागीं पेत्र, वृषभाच्या जागीं अंद्रिया, मिथुनाच्या जागीं थोरला याकोब, असे बारा राशींवर त्यानें बारा प्रेषित बसविले. मीन राशि मत्थियास मिळाली. उत्तरेकडील पुंज नव्या करारास व दक्षिणेकडील जुन्या करारास दिले. आपले सप्तर्षि ज्या मोठ्या अस्वलांत मोडतात, त्याचा पेत्राचा मचवा झाला. आर्गो नांवाचें ग्रीक गलबत नोहाचें तारूं झालें. सूर्यास तर त्यानें ख्रिस्ताचें नांव दिलें. निर्माण केलेल्या वस्तूस निर्माणकर्त्याचें नांव देणें मला तरी बरें वाटत नाहीं.

नकाशे सुंदर होते, पण नांवें चाललीं नाहींत. योहान बायर यानें १६०३ सालीं जुन्याच पुंजांतील ताऱ्यांस ग्रीक अक्षरें लावून दिलीं होतीं, व ज्योतिष्यांच्या हातीं तीच सोय होती. नवल हें कीं, शिलरास नकाशांच्या कामीं साहाय्य करणारा हाच बायर!

राजांचीं नांवेंहि टिकलीं नाहींत. हॅले यानें १६७७ सालीं सेंट हेलेना बेटावरून दक्षिणेचे तारे मोजले, आणि आर्गोचे कांहीं तारे काढून राजा दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षांत लपला होता त्याचा पुंज केला. तो आज कोठें नाहीं. १९२२ सालीं रोम येथें ज्योतिष्यांनीं ८८ पुंजांची यादी ठरविली. तींत त्या वृक्षास स्थान नाहीं, आणि आर्गोचेहि कणा, पिछाडी व शिडें असे तीन तुकडे झालेले आहेत.

आतां त्या बांधवांचा प्रश्न. ईयोबाच्या पुस्तकांत देव ईयोबास ताऱ्यांविषयीं विचारतो, तेथें आपल्या मराठी शास्त्रांत ‘कृत्तिका’ व ‘मृगशीर्ष’ हींच नांवें आहेत. भाषांतरकारांनीं नवीं बनविलीं नाहींत. शेतकऱ्याच्या तोंडचीं घेतलीं. आणि प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २८ पाहा. मिथुन राशि ज्यांची मानीत, त्या जुळ्या देवांचें चिन्ह असलेलें अलेक्सांद्रियाचें एक तारूं हिंवाळ्यांत मेलिता बेटास राहिलें होतें. पौल त्यांत चढला, आणि सुराकूस व रेगियोन या मार्गानें पुत्युलास पोहोंचला.