ए.एन.एम. करावे की जी.एन.एम.साठी थांबावे?



आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या साथीने स्वतः स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपण जाणतो. रुग्णसेवेचा मार्ग आपल्याला परका नाही. प्रश्न एवढाच की, कोणत्या दाराने आत जावे?

ए.एन.एम. दोन वर्षांचे असून कोणत्याही शाखेची बारावी चालते. पुढे उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी अशी कामे असतात. जी.एन.एम. तीन वर्षांचे असून इंग्रजीसह बारावीला ४० टक्के गुण लागतात. त्यानंतर परिचारिका म्हणून नोंदणी होते व रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदाची वाट खुली होते. ए.एन.एम.वर ती होत नाही.

आता हिशेब पाहू. एक वर्ष थांबून जी.एन.एम. केल्यास चार वर्षे लागतात, ए.एन.एम. करून, नोंदणी घेऊन मग जी.एन.एम. केल्यास निदान पाच. म्हणून घर वर्षभर तग धरत असेल तर थांबावे, असे आम्हाला वाटते. मात्र रिकामे बसू नये. इंग्रजी पक्के करावे, जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. दुसरे वर्ष वाया घालवू नये. घरात मिळवते कोणी नसेल तर ए.एन.एम.च घ्यावे. त्यात कमीपणा नाही आणि पुढचे दारही बंद होत नाही.

सहा महिन्यांत नर्स करून देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. आईचे दागिने मोडून फी भरण्यापूर्वी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पाहा.

जय भीम!