हाताचे काम गळ्यावर टाकताना

भोसरी-चाकण पट्ट्यात हाताची इजा म्हटली की प्रेस किंवा ग्राइंडर डोळ्यांसमोर येतो. पण स्टोअर, डिस्पॅच, क्वालिटी, डिझाइनमधली मंडळीही मनगट चोळत दवाखान्यात येतात. दिवसभर एक्सेल, ईमेल आणि माऊस. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. असे होत असेल तर मनगटात मज्जातंतू दबत असण्याची शक्यता असते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपणात तो अधिक आढळतो.

अशांनी टायपिंगचा काही भार आवाजावर टाकावा. गुगलने २०१७ मध्ये मराठीतून बोलून टाइप करण्याची सोय दिली. फोनच्या कीबोर्डवर माइकचे चिन्ह असते. संगणकावर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून ‘टूल्स’मधले ‘व्हॉइस टायपिंग’ निवडा. विंडोज ११ मधले ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ इंग्रजी आज्ञांवर माऊसचेही काम करते : ‘शो नंबर्स’ म्हटले की पडद्यावरच्या बटणांवर आकडे दिसतात, हवा तो आकडा बोलायचा. ईमेल, अहवाल यांना हे उत्तम. ड्रॉइंगला मात्र माऊस लागणारच आणि पार्ट नंबर हातानेच टाकलेला बरा. कंपनीची माहिती बोलण्याआधी आयटी विभागाला विचारा. काही सेवांमध्ये आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो.

आता गळ्याकडे लक्ष द्या. शॉप फ्लोअरला लागून केबिन असेल तर गोंगाटात नकळत आवाज चढतो आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो. माइक तोंडाजवळ येईल असा हेडसेट वापरा, नेहमीच्या आवाजात बोला. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून कुजबुजू नका, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. सुरुवातीला थोडा थोडा वेळच बोला, मध्ये घोटभर पाणी प्या. आवाज तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तंबाखू किंवा सिगारेट असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा थुंकीत रक्त दिसले तर तेवढेही थांबू नका.

दुखणे दडवून ओव्हरटाइम रेटण्यासाठी मात्र ही सोय वापरू नका. बधिरपणा कायम राहू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी मांस कमी झालेले दिसले, तर तपासणी लगेच हवी. ईएसआय कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधले ईएसआय रुग्णालय आहे, नसेल तर पिंपरीचे वायसीएम. लवकर आलात तर अनेकदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि कामातले बदल एवढ्यावर भागते. उशीर झाला तर शस्त्रक्रियेनंतरही बोटांतली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.